दोन्ही दिवे लागले, मग गुण कुणाचा? तलवारबाजीशी पहिली ओळख

टीव्हीवर तलवारबाजीचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याची फजिती ठरलेली. पांढऱ्या पोशाखातले दोघं मागेपुढे सरकत असतात, मध्येच काहीतरी लकाकतं, यंत्रावर लाल आणि हिरवा असे दोन्ही दिवे लागतात, दोघंही मास्कच्या आतून आरोळी ठोकतात आणि पंच शांतपणे हात वर करून गुण एकालाच देऊन टाकतात. लागलं तर दोघांनाही होतं, मग हे काय? मी वयाच्या ३८व्या वर्षी हा खेळ शिकायला गेलो. पहिले दोन महिने रोज डोळ्यांदेखत हेच घडत असूनही मला त्याचा पत्ता लागला नव्हता. मी आपला जोरात टोचायचो, दिवा लागायचा, मी खूश व्हायचो आणि गुण जायचा समोरच्याला.

नवशिक्याचं घोडं अडतं ते इथेच. त्यामुळे बूट कुठले, पोशाख कुठला, हे नंतर बघू. आधी हा गुंता सोडवू.

हा नियम ज्या काळातून आला, तेव्हा टोकं खरी होती. धारदार टोक छातीच्या रोखानं येत असताना शहाणा माणूस काय करेल? आधी ते बाजूला सारेल, नाहीतर मागे सरकेल, आणि मग स्वतःचा वार करेल. ते टोक येऊ देऊन आपणही हात पुढे केला तर दोघंही मेले. पण सरावासाठी बोथट हत्यार हातात आलं की मरणाची धास्ती जाते आणि माणूस नेमका हाच वेडेपणा करू लागतो. म्हणून शिकवणाऱ्यांनी पाळी लावून दिली. हल्ला ज्यानं आधी सुरू केला, पाळी त्याची. त्याचा वार अडवला किंवा हुकवला, की पाळी दुसऱ्याकडे. याला प्राधान्य म्हणायचं. हॉलमध्ये मात्र सगळे सरसकट ‘प्रायॉरिटी’च म्हणतात.

मला हे उमगलं ते सवाल-जवाबाच्या चालीवर. एकानं सवाल टाकला की दुसऱ्यानं आधी त्याचं उत्तर द्यायचं आणि मगच आपला सवाल करायचा. समोरचा बोलत असताना मध्येच ओरडलं, तर आवाज कितीही मोठा असला तरी तो हिशेबात धरत नाहीत. ही उपमा मी फार ताणतोय असं वाटत असेल, तर हे बघा: या खेळाची परिभाषा फ्रेंच, आणि अशा एका देवाणघेवाणीला फ्रेंचमध्ये ‘फ्राझ’, म्हणजे वाक्यच म्हणतात.

असं एक वाक्य जवळून बघू. हत्यार फॉइल, या खेळातल्या तीन तलवारींपैकी एक. मी हात सरळ करत टोक समोरच्या मुलीच्या छातीकडे नेतो आणि पुढचा पाय झोकून लंज मारतो. सवाल माझा. ती नुसता हात ताणून माझ्या पोटात टोचते, माझंही टोक तिला लागतं. दोन दिवे, गुण माझा, कारण तिनं उत्तर न देताच स्वतःचा सवाल पुढे केला.

आता पुन्हा तेच. मी लंज मारतो. ती मनगट वीतभर आत घेते, पात्यावर पातं आदळून ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि माझं टोक तिच्या दंडाबाहेरून निघून जातं. ही झाली पॅरी. त्या ‘टक्’सरशी पाळी तिची झाली. ती तिथल्या तिथे मला टोचते, हा रिपोस्ट. मी चिडून, लंजमधून न उठता, टोक पुन्हा पुढे रेटतो आणि तेही लागतं. परत दोन दिवे, पण गुण तिचा. ‘टक्’नंतर मी अडवायला हवं होतं किंवा मागे सरायला हवं होतं.

तिसऱ्या वेळी ती अडवते खरी, पण रिपोस्ट मारायच्या आधी क्षणभर थबकते. हातात आलेली पाळी तिनं वाया घालवली. तेवढ्यात मी पुन्हा टोचलं आणि नंतर तिचंही टोक लागलं, तर गुण माझ्याकडे येतो.

चौथा प्रसंग नवशिक्यांचा खास. मी कोपर दुमडून, तलवार मागे ठेवून तावातावानं पुढे चालत येतो. माझ्या मते हल्ला कधीच सुरू झालेला आहे. ती मध्येच हात ताणून लंज मारते, दोन दिवे, गुण तिचा. माझ्या मनातला हल्ला पंचांना दिसत नाही. त्यांना दिसतो तो ताणला जाणारा हात आणि निशाण्याकडे वळलेलं टोक.

एकच दिवा लागला, तर यातलं काहीच बघायचं नसतं: रंगीत दिवा ज्याच्या वाराचा, गुण त्याचा. आणि दोघांनी एकदमच हल्ला सुरू केला असेल, तर गुण कुणालाच नाही, पुन्हा पवित्र्यात उभं राहायचं. आधी कोण आणि एकदम कोण, हे पंचांच्या नजरेवर असतं. त्यावरून वाद होतात आणि होत राहतील. अनुभवी खेळाडूही चडफडतात. नवशिक्यानं पहिलं वर्षभर तरी पंचांशी वाद घालू नये, कारण दहापैकी नऊ वेळा चूक आपलीच असते. (दहाव्या वेळीही असते, पण तेवढा अभिमान ठेवावा.)

तीन तलवारी, तीन स्वभाव

वर सांगितलेलं सगळं तिन्ही हत्यारांना लागू होत नाही. फॉइल आणि सेबरला पाळी आहे, एपेला नाही.

फॉइल ही मुळात सरावाची तलवार. वजन जास्तीत जास्त ५०० ग्रॅम, वार फक्त टोकानं, आणि तोही फक्त धडावर. हात, पाय, मास्कची जाळी यांवर लागलं तर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, गुण मिळत नाही. मर्मस्थानं धडात असतात म्हणून निशाणा धडाचा. टोक नेमकं नेण्याची शिस्त हीच तलवार लावते.

एपेचं नातं द्वंद्वयुद्धाशी. तिथं रक्त कुठूनही निघालं तरी चालायचं, म्हणून पायाच्या अंगठ्यापासून मास्कपर्यंत सगळं शरीर निशाणा. वजन ७७० ग्रॅमपर्यंत, मुठीवरची वाटी मोठी, पातं ताठ. ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण. दोघांच्या टोकांत सेकंदाच्या सुमारे २५व्या भागाहून कमी फरक असेल, तर दोघांनाही एकेक गुण. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

सेबरला धारेनं कापायची मुभा आहे. निशाणा कमरेच्या वर, डोकं आणि हात धरून. वेग असा की बरेच गुण पंचांनी ‘अल्ले!’, म्हणजे ‘सुरू करा’, म्हटल्यावर दोन-तीन पावलांतच संपतात. पुढे येताना मागचा पाय पुढच्याच्या पुढे टाकायला इथे मनाई आहे, नाहीतर सगळा खेळ नुसत्या धावाधावीचा होईल.

कुठली घ्यावी? खरं सांगायचं तर तुमच्या क्लबमध्ये जी शिकवतात ती. एकट्यानं कुठलीच तलवार शिकता येत नाही, जोडीदार लागतो, आणि ज्या हत्याराचे जोडीदार जास्त तेच हत्यार चांगलं. निवडीला वाव असेल तर लहान मुलांना मी फॉइल सुचवीन. तिशी-चाळिशीत येणाऱ्याला एपे मानवते, कारण तिथं चिकाटी आणि थांबण्याची तयारी कामाला येते. सिनेमातल्या झटापटी बघून सेबरकडे धावणारे पुष्कळ असतात. त्यांतले टिकतात ते गुडघे चांगले असलेले.

दिवा लागतो कसा

हे कळलं की निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात. पूर्वी प्रत्येक सामन्याला चार साहाय्यक पंच डोळ्यांनी वार टिपायचे. विजेचं यंत्र ऑलिम्पिकमध्ये एपेला १९३६ साली आलं, फॉइलला १९५६ साली आणि सेबरला थेट १९९२ साली.

एपेच्या टोकाला स्प्रिंग बसवलेलं एक बटण असतं. ते दाबलं की विजेचं मंडल जुळतं आणि दिवा लागतो. फॉइलमध्ये उलटं. तिथं मंडल आधीच जुळलेलं असतं आणि टोक दाबलं की तुटतं. तुटल्यावर यंत्र बघतं, की टोक समोरच्याच्या धातूच्या जाकिटाला टेकलंय का. टेकलं असेल तर रंगीत दिवा, नसेल तर पांढरा. म्हणूनच फॉइलच्या खेळाडूची, तलवार यंत्राला जोडणारी वायर कुठेतरी तुटली, की कुणाला काही न लागताच पांढरा दिवा लागतो. माझ्या पहिल्या छोट्या स्पर्धेत हे झालं. मी पुढे पाऊल टाकलं की पांढरा, मागे आलो की पांढरा. वायर कोपराजवळ तुटली होती, हात ताणला की तुटलेली टोकं सुटायची. तेव्हापासून पिशवीत दोन वायरी असतात. नियमानंही एक जादा जवळ ठेवावीच लागते.

सामन्याआधी आणखी एक गंमत दिसेल. तलवार उभी धरतात, टोक वर, आणि त्यावर एक छोटं वजन ठेवतात: फॉइलला ५०० ग्रॅम, एपेला ७५० ग्रॅम. आतल्या स्प्रिंगनं ते वजन उचलून धरायला हवं. स्प्रिंग दबली म्हणजे टोक फार नाजूक, नुसत्या फुंकरीनंही गुण मिळेल, म्हणून तलवार बाद. सेबरला हे काही नाही. तिथं पातं धातूच्या जाकिटाला नुसतं टेकलं तरी दिवा लागतो.

आणि पहिला वार लागल्यावर यंत्र दुसऱ्याची वाट अनंत काळ बघत नाही. फॉइलमध्ये सुमारे ३०० मिलिसेकंद, सेबरमध्ये १७०, की दार बंद. वर म्हटलेले ‘दोन दिवे’ म्हणजे एवढ्या सांदीत बसलेले दोन वार.

हातात तलवार, शिकायचं मात्र चालायला

पहिल्या दिवशी तलवार मिळेल या आशेनं जाल तर हिरमोड होईल. आम्हाला पहिला तासभर फक्त चालवलं. पवित्रा असा: पुढचा पाय समोर बघणारा, मागचा त्याच्याशी काटकोनात, दोन्ही टाचा एका रेषेत, पायांमध्ये साधारण दीड पावलाचं अंतर, गुडघे वाकलेले, वजन मधोमध. बसायला निघालेल्या माणसाला कुणीतरी मध्येच हाक मारावी, तसं शरीर. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मग मागचा. मागे येताना आधी मागचा. पाय कधी जुळवायचे नाहीत आणि डोकं वरखाली करायचं नाही. दहा मिनिटांत मांड्या पेटतात.

लंजमध्ये क्रम महत्त्वाचा: आधी हात, मग पाय. हात सरळ होतो, पुढच्या पायाचा चवडा उचलला जातो, मागचा पाय ढकलतो, पुढची टाच आधी टेकते. थांबाल तेव्हा पुढचा गुडघा बुटाच्या नाडीवर असावा, बोटांच्या पुढे किंवा आतल्या बाजूला झुकलेला नको. मागचं पाऊल पूर्ण जमिनीला. गुडघा आत झुकवून महिनाभर लंज मारणारा दुसऱ्या महिन्यात डॉक्टरकडे असतो, तेव्हा लांब लंजच्या मोहात पडू नका. छोटा पण सरळ मारा.

एवढा पायांचा आटापिटा अंतरासाठी. समोरचा लंज मारून पोहोचेल त्याच्या वीतभर बाहेर उभं राहायचं, आणि त्याला चुकवून ती वीत आपण कापायची, हा सगळा खेळ. टोक कितीही झपाट्यानं नेलं तरी चुकीच्या अंतरावरून नेलं तर ते हवेतच संपतं.

एक सराव घरी कुणाबरोबरही करता येतो, तलवार लागत नाही. जोडीदार हातमोजा खांद्याच्या उंचीवर धरतो आणि न सांगता सोडतो. तुम्ही पवित्र्यात उभे राहून लंज मारायचा आणि जमिनीवर पडायच्या आत तो झेलायचा. बहुतेक जण आधी पाय टाकतात आणि मोजा बोटांवरून निसटतो. हात आधी सुटला, की तोच मोजा आरामात मुठीत येतो. मला पहिल्या दिवशी वीसात तीन मिळाले होते.

पिस्त, म्हणजे खेळायची पट्टी, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. दोघं मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर उभे राहतात. दोन्ही पाय मागच्या टोकाबाहेर गेले की समोरच्याला गुण. बाजूनं बाहेर गेलात तर समोरच्याला एक मीटर पुढे येऊ देतात. गटातला सामना ५ गुणांचा, वेळ तीन मिनिटं. बाद फेरीतला १५ गुणांचा, तीन-तीन मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये मिनिटभर विश्रांती. सेबरमध्ये घड्याळापेक्षा कुणाचे तरी ८ गुण झाले की विश्रांती.

लागत नाही का?

हा प्रश्न सगळे विचारतात. लागतं. दंडावर, बरगड्यांवर, मांडीवर नाण्याएवढे निळे डाग पडतात आणि आठवड्यात जातात. जास्त त्रास घोट्यांचा आणि मांडीच्या स्नायूंचा असतो, म्हणजे तलवारीचा नव्हे तर पायांचाच. एकाच बाजूनं खेळल्यामुळे एक मांडी दुसरीहून जाड होते, म्हणून उलट्या पवित्र्यातही थोडं चालत जा.

खरा धोका तुटलेल्या पात्याचा. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि त्याचं टोक सोव्हिएत खेळाडू व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांच्या मास्कमधून आत गेलं. ते १९८० चे ऑलिम्पिक विजेते होते. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. आज जो पोशाख, जी पाती, जे मास्क दिसतात, त्यांचे कडक नियम त्या घटनेनंतर आले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कापडानं ८०० न्यूटनचा जोर सोसायला हवा, मास्कखालच्या गळपट्टीनं १६०० न्यूटनचा. सरावाला ३५० न्यूटनचं कापड चालतं. मास्कची जाळी १२ किलोच्या टोच्यानं दाबून बघतात, वाकली की मास्क बाद.

तेव्हा एक गोष्ट अजिबात तडजोड न करता पाळा: मास्क डोक्यावर नसेल तर तलवारीचं टोक कुणाकडेही करायचं नाही. गंमत म्हणून नाही, फोटोसाठी नाही.

पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. लांब ट्रॅकपँट आणि बॅडमिंटनला वापरतात तसे सपाट तळव्याचे बूट पुरतात. बाकी साहित्य बहुतेक क्लब देतात. टिकणार असं वाटलं की आधी हातमोजा घ्या, कारण दुसऱ्याचा घामट मोजा ही वेगळीच शिक्षा आहे. मग मास्क, मग जाकीट. जाकिटाची चेन तलवारीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते, त्यामुळे डावखुऱ्यांनी डावखुरं जाकीटच मागावं. आत अर्ध्या बाहीचं प्लास्ट्रॉन, म्हणजे संरक्षणाचा आणखी एक थर, घालतात. तलवारीच्या हाताच्या काखेत त्याला शिवण नसते, कारण टोक घुसायला शिवणीइतकी सोपी वाट नाही. मुलींना आणि स्त्रियांना छातीचं कडक कवच सक्तीचं आहे. तलवार सगळ्यात शेवटी.

डावखुरे असाल तर मात्र मनातल्या मनात खूश व्हा. समोरच्यांना तुमच्यासारख्यांशी खेळायची सवय कमी असते, आणि वरच्या पातळीवर डावखुरे त्यांच्या संख्येच्या मानानं जास्तच दिसतात. आणि पायांचं एवढं कौतुक केलं, तरी व्हीलचेअर तलवारबाजीही आहे. १९६० च्या रोम पॅरालिम्पिकपासून ती खेळली जाते. खुर्च्या चौकटीत घट्ट बसवलेल्या असतात. मागे पळायला जागाच नाही, त्यामुळे अंतराचं सगळं काम कंबर आणि पाठ करतात. ती बघताना माझी छाती जास्त धडधडते.

सुरुवातीचे महिने हरण्याचे असतात, आणि बहुधा आपल्या निम्म्याहून कमी वयाच्या मुलांकडून. मला तिसऱ्या महिन्यात एका बारा वर्षांच्या मुलीनं ५-० असं झोडपलं. सलामी झाली, हस्तांदोलन झालं, मास्क काढून ती म्हणाली, “काका, तुमचे पाय आधीच सांगून टाकतात. हात नंतर येतो.” मी म्हटलं, “अगं, पण मी तर हात आधी टाकतोय!” तिनं मान हलवली, कोपऱ्यातून आपला मोजा आणला आणि माझ्यासमोर धरला. वीसात अकरा.

मग आम्ही पुन्हा खेळलो. मी ५-२ असा हरलो. दोनातल्या एका गुणाला दोन्ही दिवे लागले होते. मी सवयीनं मागे वळलो, पवित्र्यात परत उभा राहायला, आणि मग दिसलं की पंचांचा हात माझ्या बाजूचा वर गेलाय.